वृद्ध महारथी आणि फिनिक्सचा जुगार

६ फेब्रुवारी २००८ रोजी फिनिक्स सन्स हा संघ अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या पश्चिम विभागात अग्रभागी होता. ४८ सामन्यांत ३४ विजय. अशा वेळी कोणताही शहाणा संघ आपली बसलेली घडी विस्कटत नाही. सन्सने नेमके तेच केले. चार वेळा ऑल-स्टार संघात निवडला गेलेला शॉन मॅरियन आणि त्याच्यासोबत मार्कस बँक्स यांना मायामी हीटकडे धाडून त्यांनी शॅकिल ओ'नीलला आणले. शॅकला छत्तिसावे वर्ष लागायला जेमतेम एक महिना झाला नव्हता असे नव्हे. ते संपायला एक महिना उरला होता. कंबरेच्या दुखण्याने तो बेजार होता. मोसमातील ३३ सामन्यांत त्याची सरासरी १४ गुणांच्या आसपास, म्हणजे तोवरच्या कारकिर्दीतील नीचांकी होती. करार मात्र २०१०पर्यंतचा आणि वर्षाला २ कोटी डॉलरचा.

ही बातमी ऐकून आमच्यासारख्या सन्सच्या चाहत्यांना धक्का बसला, हे म्हणणे सौम्य ठरेल. कारण आम्हाला त्या संघाचे वेड लागले होते ते त्याच्या खेळण्याच्या तऱ्हेमुळे. तो जिंकतो ही गोष्ट त्यानंतरची. प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांचे सूत्र साधे होते. चेंडू हातात आल्यावर सात सेकंदांच्या आत फेक झाली पाहिजे. स्टीव्ह नॅश चेंडू घेऊन सुसाट निघायचा, एका अंगाने मॅरियन धावायचा, मधून अमारे स्टुडेमायर झेपावायचा. नॅश २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. या वाऱ्याच्या वेगाने पळणाऱ्या संघात सात फूट एक इंच उंचीचा, अवाढव्य देहाचा आणि पाय जड झालेला शॅक बसणार तरी कुठे?

तरीही हा निर्णय वेडेपणाचा होता, असे म्हणून चालणार नाही. त्यामागे जखम होती. सन्सला २००५ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सने विभागीय अंतिम फेरीत हरवले. २००७ मध्ये पुन्हा स्पर्सनेच हरवले, या वेळी विभागीय उपांत्य फेरीत. त्या मालिकेत रॉबर्ट हॉरीने नॅशला सीमारेषेबाहेर ढकलले, तेव्हा बाकावरून उठून मैदानाकडे धावल्याबद्दल स्टुडेमायर आणि बोरिस दियाव यांना एका सामन्यासाठी निलंबित करण्यात आले. फिनिक्समध्ये ही कटुता आजही पुसली गेलेली नाही. स्पर्सचा टिम डंकन हा सन्सच्या गळ्यात अडकलेला काटा होता. त्यातच १ फेब्रुवारी २००८ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सने पाऊ गसोलला मिळवले. प्रतिस्पर्धी उंच होत चालले, नॅश चौतिशीला टेकला होता, आणि मॅरियनने आदल्या वर्षीच संघ सोडण्याची इच्छा बोलून दाखवली होती. सरव्यवस्थापक स्टीव्ह कर यांनी हिशेब मांडला. नियमित मोसमात पन्नास-साठ सामने जिंकून डंकनपुढे हरत राहायचे, की डंकनला रोखू शकेल असा धिप्पाड सेंटर आणायचा?

या युक्तिवादात एक पान मात्र गाळलेले होते. डंकनला अंगाशी अंग लावून रोखणारा एक उंचापुरा खेळाडू सन्सकडे आधीच होता. कर्ट थॉमस त्याचे नाव. जुलै २००७ मध्ये, म्हणजे शॅक येण्याच्या सातच महिने आधी, सन्सने त्याला सिएटलच्या संघाला देऊन टाकले, आणि त्याच्यासोबत पहिल्या फेरीतील दोन ड्राफ्ट हक्कही दिले. बदल्यात खेळाडू एकही घेतला नाही. वेतनखर्चाची ठरावीक पातळी ओलांडणाऱ्या संघांना जो लक्झरी टॅक्स भरावा लागतो, तो वाचवणे हाच त्यामागचा हेतू होता. (वाचकांच्या माहितीसाठी: एनबीएमध्ये नवोदित खेळाडू निवडण्याच्या या हक्कांची देवघेव होते आणि संघाचे भवितव्य त्यांवरच उभे राहते.) पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये हाच थॉमस कुठे गेला? थेट सॅन अँटोनिओ स्पर्सकडे! काटकसर करताना जी जागा रिकामी केली, तीच भरण्यासाठी सन्सने काही महिन्यांत वर्षाला २ कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. शॅकच्या वयावर शाई खर्च करणाऱ्यांनी या व्यवहाराकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच घडली होती. फेब्रुवारीतला जुगार हा जुलैतल्या कंजूषपणाचे व्याज होते.

उरलेल्या मोसमात सन्सने २१ सामने जिंकले, १३ गमावले. संघ वाईट खेळला नाही. पण एकूण ५५ विजयांनिशी तो सहाव्या स्थानावर घसरला, आणि पहिल्याच फेरीत समोर कोण उभे? स्पर्स. १९ एप्रिलचा पहिला सामना ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता येणार नाही. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी सन्स तीन गुणांनी पुढे होते. चेंडू डंकनकडे आला. मोसमभरात लांबवरून तीन गुणांची एकही फेक ज्याच्या नावावर नव्हती, त्या डंकनने ती टाकली आणि ती अचूक जाळ्यात गेली. ज्याला रोखण्यासाठी शॅकला आणले, तो शॅकच्या कक्षेबाहेर उभा राहून संघ वाचवून गेला. दुसऱ्या जादा वेळेत स्पर्स ११७-११५ असे जिंकले. डंकनचे गुण ४०. त्या सामन्यात मालिकेचा निकाल लागल्यासारखेच होते. पुढे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी शॅकला मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रो टाकायला लावण्याचे जुने अस्त्र बाहेर काढले. कारकिर्दीत जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक फ्री थ्रो साधणाऱ्या खेळाडूविरुद्ध ते चालणारच होते. सन्स ४-१ असे हरले. डी'अँटोनी न्यूयॉर्कला निघून गेले आणि त्यांच्यासोबत ती तऱ्हाही गेली.

येथे शॅकवर अन्याय होऊ नये. फिनिक्सच्या वैद्यकीय पथकाने त्याला अक्षरशः उभे केले. २००८-०९ मध्ये तो ७५ सामने खेळला, सरासरी जवळजवळ १८ गुणांची होती, आणि फिनिक्समध्येच झालेल्या ऑल-स्टार सामन्यात कोबी ब्रायंटसह तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हातारा घोडा पळत होता; रथ दुसऱ्याच वाटेला लागला होता. नवे प्रशिक्षक टेरी पोर्टर यांनी संथ खेळ आणला, तो चालला नाही, मोसमाच्या मध्यावरच त्यांना जावे लागले. स्टुडेमायरच्या डोळ्याला दुखापत झाली. ४६ विजय मिळवूनही सन्स बाद फेरीबाहेर राहिले. जून २००९ मध्ये शॅक क्लीव्हलँडला गेला, आणि लगेचच्या मोसमात अल्विन जेन्ट्री यांच्या हाताखाली पुन्हा पळू लागलेल्या सन्सने स्पर्सना ४-० असे धुतले. विभागीय अंतिम फेरीत लेकर्सने त्यांना ४-२ असे रोखले खरे, पण चाहत्यांच्या मनातील प्रश्नाचे उत्तर मिळून गेले होते.

मग वय झालेला तारा घेणे हीच चूक मानायची का? तसे म्हणता येत नाही. त्याच फेब्रुवारी २००८ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने चौतीस वर्षांच्या जेसन किडसाठी तरुण डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीतील दोन हक्क दिले होते. डॅलसचीही भरपूर टवाळी झाली. तेही त्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाले. पण किडचे भांडवल त्याची नजर आणि पास हे होते, आणि ते गुडघ्यांइतक्या लवकर झिजत नाही. डॅलसने त्याच्याभोवतीचा खेळ मोडला नाही, तीन वर्षे धीर धरला, आणि २०११ मध्ये अडतीस वर्षांचा किड विजेत्या संघाचा पॉइंट गार्ड होता. त्या संघात आणखी एक ओळखीचा चेहरा होता: फिनिक्सने देऊन टाकलेला शॉन मॅरियन.

पंधरा वर्षांनी फिनिक्सने हाच डाव पुन्हा मांडला, या वेळी कितीतरी मोठ्या बोलीवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅट इश्बिया यांनी संघाची मालकी हाती घेताच चौतीस वर्षांच्या केव्हिन ड्युरांटसाठी मिकल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीतील चार हक्क ब्रुकलिनला देण्यात आले. ड्युरांटने गुणांचा रतीब घातला, त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण २०२४ मध्ये मिनेसोटाने सन्सना पहिल्याच फेरीत ४-० असे गुंडाळले आणि २०२५ मध्ये ३६ विजयांवर गाडी अडून संघ बाद फेरीलाही मुकला. त्या उन्हाळ्यात ड्युरांट ह्यूस्टनला गेला. बदल्यात जे मिळाले, त्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील दहाव्या क्रमांकाचा हक्क होता. तो हक्क मुळात फिनिक्सचाच. ड्युरांटला आणताना त्यांनी तो दिला होता आणि हिंडत हिंडत तो ह्यूस्टनकडे पोहोचला होता.