शिकायला सोळा, कमवायला अठरा

परवा एका गावात कपाशीवर ड्रोनने फवारणी चालली होती. निम्मं गाव बांधावर जमलेलं. यंत्र चालवणारा पोरगा मोठा तरबेज. वय विचारलं तर म्हणाला, "सतरावं लागलंय, साहेब." प्रमाणपत्र कुणाचं? तर मामाचं. आणि मामा लिंबाखाली चहा पीत बसलेले! मी यंत्र खाली उतरवायला लावलं. तेव्हा पोरानं सवाल टाकला, "विमान शिकायला सोळा वर्षं चालतात, मग या यंत्राला अठरा कशाला?"

सवाल खोटा नाही. आपल्या देशात विमान शिकण्याचा विद्यार्थी परवाना १६ व्या वर्षी मिळतो, खाजगी वैमानिकाचा १७ व्या वर्षी आणि व्यावसायिक वैमानिकाचा १८ व्या वर्षी. फवारणीचा ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र मात्र २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार १८ ते ६५ या वयातच मिळतं. दहावी पास असावं लागतं आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटाच्या ज्या भगिनींची निवड होते, त्यांनाही १८ ची अट आहे.

पण त्या पोराच्या हिशेबात एक गोष्ट सुटली. १६ वर्षांच्या विद्यार्थ्याला विमान मिळतं ते वैद्यकीय तपासणी करून आणि शिक्षकाच्या नजरेखाली. एकट्यानं उडवायचं तरी शिक्षकानं हो म्हणावं लागतं. प्रवासी बसवता येत नाही. आणि उडवून पैसे कमवायचे तर तिथेही १८ च. म्हणजे कायद्याने पायऱ्या बांधल्यात: आधी शिक, मग कमव.

फवारणीच्या कामात तर यंत्रापेक्षा टाकीतलं औषध जास्त घातक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. वारा फिरला की औषध शेजाऱ्याच्या रानात जातं. ज्वारीवर मारलेलं टू-फोर-डी उडून कपाशीवर पडलं तर पानं वाकडी होतात, पीक हातचं जातं. तुतीच्या पाल्यावर कीटकनाशक गेलं तर रेशीम अळ्यांची सगळी बॅच मरते. मग भरपाई कुणी द्यायची? सतरा वर्षांच्या पोरानं? मामाच्या प्रमाणपत्रावर मामानंच यंत्र चालवावं; ते भाच्याला उसनं देता येत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२१ च्या नियमांत ठेवलेली आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की फवारणीला १८ ची अट राहिलीच पाहिजे. पोरगं हुशार आहे म्हणून त्याला विषाच्या कामाला जुंपणं हे कौतुक नव्हे.

पण सरकारलाही एक सांगणं आहे. विमानाला जशी शिकण्याची पायरी आहे, तशी ड्रोनला का नाही? दहावी झालेला पोरगा किंवा पोरगी दोन वर्षं नुसती बांधावर उभी राहते, नाहीतर चोरून उडवते. १६ व्या वर्षी शिकाऊ प्रमाणपत्र द्या. टाकीत फक्त पाणी, शेजारी प्रशिक्षक, धंदा अजिबात नाही. १८ पूर्ण झाले की परीक्षा घ्या. आपल्या गावचा चालक गावातच तयार होईल.

तोवर घरच्यांनी काय करावं? २५० ग्रॅमपर्यंतचा छोटा ड्रोन हौसेपुरता उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. हात बसवायला तो पुरे. मात्र उडवण्याआधी आपलं गाव नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे ना, ते पाहावं. बॅटरीची निगा, शेताचं माप, वाऱ्याचा अंदाज हे सगळं औषधाला हात न लावता शिकता येतं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती: गावात फवारणीला ड्रोन आला की आधी चालकाचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहा. यात कुणाचा अपमान नाही. त्या दिवशी मामा माझ्यावर रुसले. भाचा मात्र जाताना हळूच विचारून गेला, "साहेब, अठरा झाल्यावर अर्ज कुठं करायचा?"