पाच रुपयांचा परवाना आणि बेचाळीस वर्षांचा पोरगा

विकांत आहे, तेव्हा आज कोडवर नाही, कायद्यावर बोलू. मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. महाराष्ट्रात दारू प्यायला जो परवाना लागतो, तो सरकारने सरळ रद्द करावा. ती हिंमत नसेल तर खरोखर तपासावा. सध्या जे चाललंय ते या दोन्हीपेक्षा वाईट आहे.

"कसला परवाना?" असं विचारणार्‍यांसाठी (म्हणजे दर शुक्रवारी बसणार्‍या माझ्या निम्म्या टीमसाठी) थोडी माहिती. आपल्या राज्यात कायद्याने दारूबंदी आहे. हसू नका, खरंच आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. नावात आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय, सांगाडा तोच. दारू पिणं हा गुन्हा, परवाना हा अपवाद. म्हणून तर पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना 5 रुपये, देशीचा 2 रुपये, आजन्म हवा असेल तर 1000. आणि तो मिळतो कशासाठी? प्रकृती सांभाळण्यासाठी! वयाची अट बीअर आणि वाइनला 21, बाकी सगळ्याला 25. लोकसभा लढवायलाही किमान वय 25 च लागतं. म्हणजे देश चालवणं आणि पतियाळा पेग चालवणं ही सरकारच्या लेखी सारख्याच तोलामोलाची कामं.

मी आजन्म परवाना काढलाय. आयुष्यात माझ्याकडे आजन्म असं तेवढंच आहे, घराचं कर्जसुद्धा वीस वर्षांचं. पार्ल्यात, अंधेरीत, ठाण्यात, कुठेही आजवर एकाही माणसाने तो बघायला मागितला नाही.

आता हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते बघा. पार्ले पूर्वेला स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर एक बार आहे. नाव सांगत नाही, तिथल्या अण्णांची नोकरी मला प्रिय आहे. अण्णा म्हणजे तिथले कॅप्टन, उडपीकडचे. तिथे एक बँकवाले काका येतात. निवृत्त, काटेकोर, चकलीचेही तुकडे मोजून खाणारे. एकदा काकांनी बिलाबरोबर हट्ट धरला, "माझ्या आजच्या परवान्याची पावती द्या." अण्णा म्हणाले, "काका, आपका तो रोज का है." काका हटेनात. शेवटी काउंटरखालून गठ्ठा निघाला. सगळे परवाने आधीच भरलेले, एकाच अक्षरात, एकाच पेनाने. काकांच्या वाट्याला जो आला त्यावर बाईचं नाव आणि वय 26. काका चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "वय राहू दे, निदान नाव तरी बदला!"

दुसरा किस्सा तपासणीचा. साहेब येणार अशी कुणकुण लागली आणि अण्णांनी उत्तरपत्रिका वाटाव्यात तसे टेबलाटेबलावर कोरे परवाने वाटले. पेन एकच, आणि त्यावरून दोन टेबलांत जुंपली. नुसता लिंबूसोडा पिणार्‍यालाही एक मिळाला, त्याने तो घाबरून भरलाही. कोपर्‍यात कॉल सेंटरच्या पोरांचा वाढदिवस चालू होता. केकवर 2 आणि 4 अशा दोन मेणबत्त्या, टेबलावर व्हिस्की. साहेब दारात. अण्णांनी एक क्षण विचार केला आणि मेणबत्त्यांची अदलाबदल केली. बेचाळीस! साहेबांनी त्या पोराच्या कोवळ्या मिशीकडे बघितलं, केककडे बघितलं, "हॅपी बर्थडे" म्हणाले, एक तुकडा खाल्ला आणि गेले.

आम्ही पोट धरून हसलो. पण नंतर अण्णांचा हात बघितला, थरथरत होता. गोम इथे आहे. आपल्याला हा विनोद, त्यांना पोटापाण्याचा प्रश्न. छापा पडला तर मॅनेजर आणि वेटर आत जाणार, आपण रिक्षा करून घरी.

आमच्या धंद्यात डेड कोड म्हणून प्रकार असतो. कधीच चालत नाही, पण डिलीट करायला सगळे घाबरतात. लोकांना वाटतं हा कायदा तसाच आहे. चूक. हा डेड कोड नाही, हा मागचा दरवाजा आहे. एरवी बंद, पण किल्ली ज्याच्या हातात त्याची मर्जी फिरली की उघडणारा. 2012 मध्ये एसीपी वसंत ढोबळे यांच्या छाप्यांनी हे शहराला दाखवून दिलं होतं. त्यांची ती हॉकी स्टिक आठवते ना? तेव्हा लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मी म्हणतो, स्टिक त्यांची होती, पण कायदा आपलाच होता. जो कायदा रोज सगळेच मोडतात, तो कोणावर लावायचा हे कायदा ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि मर्जीला भाव फुटतो, हे काय वेगळं सांगायला हवं?

"मग काय, सगळ्यांनी ढोसत बसावं का?" हा प्रश्न येणारच. त्यांना एक सांगतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. बाटली आडवी करायला गावोगावच्या बायका मतदानाला उतरल्या. त्यांच्याशी मतभेद असू शकतात, पण ती लढाई खरी आहे. त्या बायकांना या पाच रुपयांच्या कागदाचा काडीचा उपयोग नाही. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं 1919 मध्ये. तळीरामाला कोणी परवाना दिला असता तर सिंधूचा संसार वाचला असता का?

खरी तपासणी काय करते तेही आपण पाहिलंय. 2007 पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणार्‍यांना धरायला सुरुवात केली. नळीत फुंकर मारा, आकडा दिसला की आत. ओळखीपाळखी थंड पडल्या, आणि माझे मित्र चाव्या घरी ठेवून यायला लागले. नियम सोपा, मोजता येणारा आणि सगळ्यांना सारखा. बारमध्येही एवढंच करा. दारात वयाचं ओळखपत्र बघा. वय एकच आणि लोक पाळतील असं ठेवा. कोवळ्या पोराला दारू दिली तर बारचं लायसन्स जाऊ द्या. बाकी कागद रद्दीत.

पण सरकारला दारूबंदीचं सोवळंही हवं आणि दारूचा महसूलही. 2025 मध्ये विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा कोणाला प्रकृती आठवली नाही. जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, दुसर्‍या दिवशी सगळं सुरळीत. वाढीव बिल आपण भरलं, अण्णांची टिप तेवढी कमी झाली.

तेव्हा पुढच्या वेळी बसाल तेव्हा एक करा. आपला परवाना मागा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. मग मतं मागायला दारात येतील त्यांना विचारा, आम्ही गुन्हेगार आहोत की गिर्‍हाईक? एकदा काय ते ठरवा.

आणि हो, टिप जरा बरी ठेवा.