गाऱ्हाण्यात राहून गेलेले वाक्य

श्रावण सरत आला की मुंबईतल्या कोकणी घरांत एकच विषय असतो : गावाला कधी निघायचे? पूर्वी एसटीच्या रांगेत रात्र काढावी लागे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली आणि वाट सोपी झाली. गर्दी मात्र हटली नाही. उभ्याने प्रवास करून, महामार्गावरचे खड्डे सोसून चाकरमानी गावी पोचतो, तेव्हा घराचे दार उघडे असते. पडवी झाडलेली असते, चुलीवर चहाचे आधण चढलेले असते.

हे दार उघडे कोण ठेवतो, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

गावी राहिलेला एक भाऊ असतो. मे महिन्यात तो कौले परतून घेतो. पावसाआधी पागोळ्यांच्या पाण्याला वाट काढून देतो. चतुर्थीच्या कितीतरी आधी गणपतीच्या शाळेत पाट नेऊन देतो. माटवीला बांधायची कवंडळे, तेरडा, आंब्याचे टाळे रानातून आणतो. वहिनी घर सारवते. वीस-पंचवीस माणसांचे मोदक, ऋषिपंचमीची भाजी, भजनाच्या बारीला रात्री उसळ, हे सारे तिच्या हातून होते. आपण पाच दिवस राहतो, आरत्या म्हणतो, पोटभर जेवतो आणि निघताना पिशवीत नारळ, तांदूळ घेऊन येतो. गाडी सुटली की घर पुन्हा त्या दोघांचे.

आणि असतो एक जुना मित्र. शाळेत एका बाकावर बसलेला, वाडीतल्या घराघरांतून आरतीला मृदंग वाजवत फिरणारा. आपण परगावी असताना आपल्या वडिलांना मध्यरात्री दवाखान्यात नेणारा बहुधा तोच असतो. त्याबद्दल आपण कधी बोललेलो नसतो. बोलायला गेलो तर तो म्हणेल, ‘आता मला परका करतोस काय?’

आपल्याकडे घरच्यांचे आभार मानत नाहीत. आभार हा सभेच्या शेवटी, खुर्च्या आवरायला लागल्यावर उरकायचा कार्यक्रम. जिव्हाळ्यात शब्द कशाला, असे आपण म्हणतो. त्यात खरेपणा आहे, पण थोडी सोयही आहे. न बोललेले ऋण हळूहळू विसरलेले ऋण होते, आणि मग भावाचे राबणे हा आपला हक्क वाटू लागतो. ‘तो गावीच असतो, त्याला काय काम?’ हे वाक्य किती घरांत ऐकू येते! सात-बाऱ्यावरच्या नावांवरून भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढतात, त्यामागे जमिनीच्या लोभाइतकाच हा दुखावलेपणाही असतो. वाटणीचा हिशेब गुंठ्यांत होतो. इतक्या वर्षांच्या राखणीचा हिशेब कुठल्याच उताऱ्यावर नसतो.

२०२० साली ते सर्वांना दिसले. करोनामुळे गावी येणाऱ्यांना विलगीकरणाची अट होती. अनेक चाकरमान्यांना मुंबईतच थांबावे लागले. तरीही कोकणातल्या घरांत गणपती बसले, नैवेद्य झाला, विसर्जनही झाले. आपण मोबाइलच्या पडद्यावर आरती पाहिली. ज्याला आपण ‘आपला गणपती’ म्हणतो, तो कोणाच्या खांद्यावर घरी येतो, हे त्या वर्षी उमगले.

पूजेनंतर गाऱ्हाणे घातले जाते. घरातला वडीलधारा हात जोडून उभा राहतो आणि मुंबईला गेलेल्या, परदेशी असलेल्या लेकराबाळांना सुखी ठेव, असे मागणे मागतो. बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. गावी राहिलेले लोक गेलेल्यांसाठी दरवर्षी मागतात. गेलेल्यांनी राहिलेल्यांसाठी काय म्हणायचे, ते वाक्य मात्र राहूनच गेले आहे.

यंदा ते म्हणावे. भाषण नको, माजघरात, वहिनी पातेली घासायला घेईल तेव्हा शेजारी बसून म्हणावे, ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही येतो.’ आणि पुढचे पातेले आपण घ्यावे. भावाला कौलांचा खर्च विचारावा आणि त्याने सांगण्याआधी आपला वाटा काढून ठेवावा. मित्राला जून महिन्यात, काहीही काम नसताना, फोन करावा. नुसता शब्द कोरडा पडतो आणि नुसता पैसा उपकारासारखा वाटतो. दोन्ही बरोबर गेले तरच पोचते.

गणपती पुढल्या वर्षी येणारच आहेत. पडवीत बसणारी सगळी माणसे तेव्हा असतीलच, असे नाही. दरवर्षी पंगतीत एखादे पान कमी होते. ज्याला सांगायचे तो समोर आहे, तोवर सांगून टाकावे.