वाऱ्याचें वाहन

मुलांनीं खेळावें कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. त्यांनीं काय खेळावें आणि खेळाचें साधन कोठून आणावें, हा प्रश्न मात्र उरला आहे. विकत आणलेलें साधन मोडलें म्हणजे दुसरें आणतात. स्वतः घडविलेलें मोडलें म्हणजे तें कां मोडलें याचा विचार करावा लागतो. म्हणूनच समुद्रकांठीं राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस पालकांनीं एका नव्या खेळाची परवानगी द्यावी, असें आम्हांस वाटतें. चार चाकांच्या फळीवर उभें राहावयाचें, मोठ्या पतंगाच्या दोऱ्या हातीं धरावयाच्या, आणि ओहोटीच्या वेळीं ओल्या पुळणीवरून वाऱ्याच्या बळानें धांवावयाचें, असा हा खेळ आहे.

खेळ नवा दिसला तरी त्यामागील कल्पना जुनी आहे, आणि ती एका शिक्षकाची आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें. त्या काळीं रस्त्यावरील कर घोड्यांच्या संख्येवरून घेत. या गाडीस घोडाच नसल्यामुळें नाकेदारांस कांहीं मागतां येईना, असें सांगतात. सुप्रसिद्ध क्रिकेटपटु डब्ल्यू. जी. ग्रेस हे याच मास्तरांचे दौहित्र होत. पुढें १९९० च्या सुमारास न्यूझीलंडमधील पीटर लिन यांनीं तीन चाकांची बुटकी पतंगगाडी लोकप्रिय केली. आतां बसण्याच्या गाडीप्रमाणेंच उभें राहण्याची फळीही अनेक देशांच्या किनाऱ्यांवर दिसते.

ही फळी घडविणें, सुताराच्या हाताखालीं चार रविवार बसण्याची तयारी असलेल्या मुलास किंवा मुलीस अशक्य नाहीं. प्लायवुडचे पातळ थर पाण्यानें न सुटणाऱ्या गोंदानें एकावर एक चिकटवून साडेतीन फूट लांबीची फळी करावी. दोन्ही टोकें किंचित् वर उचललेलीं असावीं. खरी कसोटी आंसाची आहे. पायांचा भार एका कडेवर टाकतांच चाकें त्या बाजूस वळलीं पाहिजेत. म्हणून आंस तिरप्या खिळीवर, मध्यें रबराचे गुटके घालून बसवितात. चाकें हवेचीं, आठ इंचांच्या आसपास असावीं आणि त्यांत हवा बेताचीच भरावी. टायर पसरला म्हणजे भार अधिक जागेवर वांटला जातो व चाक रुतत नाहीं. पायांवरील पट्टे इतके सैल ठेवावे कीं पडतांना पाय सहज सुटावा. फळी शरीरास कधींही बांधूं नये. खेळ संपतांच सर्व लोखंडी भाग गोड्या पाण्यानें धुऊन, पुसून त्यांस वंगण द्यावें, नाहीं तर खाऱ्या हवेनें बेअरिंगें थोड्याच दिवसांत गंजून बसतील.

यांत विद्येचा लाभ कोणता, असें कोणी विचारील. दुपारीं जमीन समुद्राहून अधिक तापते व खारे वारे वाहूं लागतात, हें भूगोलांत सर्वच पाठ करितात. पण त्या वाऱ्याची वाट पाहत किनाऱ्यावर उभा राहिलेला मुलगा तें विसरत नाहीं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे पतंगाची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. हें गणित पाटीवर चुकलें तर एक गुण जातो. पुळणीवर चुकलें तर माणूस तोंडघशीं पडतो.

येथेंच पालकांचा मुख्य आक्षेप येतो, आणि तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. हा खेळ धोक्याचा आहे. म्हणून आमचें मत असें कीं, फळी घरीं करावी, पतंग मात्र घरचा नसावा. तो व त्याच्या दोऱ्या याच कामासाठीं केलेल्या, जाणत्यानें तपासलेल्या असाव्या, आणि हातांतील मुठी सोडतांच पतंग निर्जीव होऊन खालीं यावा अशी त्यांत सोय असावी. प्रथम दोन-तीन चौरस मीटरचा लहान पतंग जमिनीवर उभें राहूनच उडवावा. तो हवा तेथें थांबवितां आल्याशिवाय फळीवर पाय ठेवूं नये. शिरस्त्राण असावें, जवळ वडील मनुष्य असावें, विजेच्या तारा नसाव्या, आकाशांत गडगडाट नसावा. ताणलेल्या दोऱ्या अंग कापतात, म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगास कोणीही उभें असतां पतंग उडवूंच नये.

इतकें सांगून आम्ही पालकांस एक विचारतों. ज्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली, तो हातीं घेऊन कठडा नसलेल्या गच्चीवर धांवणें यापेक्षां सुरक्षित आहे काय? त्या खेळांत दुसऱ्याचा पतंग कापण्यांत मौज आहे, आणि पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळेही त्यांत सांपडतात. येथें कोणाचें कांहीं कापावयाचें नसतें.

किनारा मात्र आपल्या एकट्याचा नव्हे. तेथें कोळी बांधवांचीं जाळीं व मासळी वाळत असतात. वेळास, आंजर्ले यांसारख्या गांवीं कासवें कोरड्या वाळूंत अंडीं घालतात. म्हणून फळी ओल्या, कठीण पुळणीवरच चालवावी, आणि जेथें गर्दी आहे तेथें ती काखेंत धरून चालावें. हा नियम ज्यास जाचक वाटेल, त्यास अद्याप हा खेळ देऊं नये.

विद्यार्थ्यांनीं प्रथम फळी करावयास घ्यावी. ती पुरी करण्याइतका धीर ज्याच्या अंगीं आहे, त्याच्या हातीं दोरी देण्यास हरकत नाहीं. आणि पालकांनीं 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं ती फळी एकदां उलटीसुलटी करून, तिचा प्रत्येक नट पिळून पाहावा. तेवढ्यांत आपल्या मुलाचा हात किती विश्वासाचा आहे, हें त्यांस कळून येईल.