झाकल्या मुठीचे भय : ‘हॅलोविन’ (१९७८) आणि स्वस्त भयपटाचे खरे भांडवल

#थ्रेड #चित्रपट_इतिहास

१/
१९७८ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडीना या गावी एक लहानसा चित्रपट-चमू रस्त्यावर तपकिरी पाने अंथरीत होता. पाने रंगवलेली होती. कथा ऑक्टोबरअखेरीच्या इलिनॉयमधली, आणि चित्रीकरण मात्र हिरव्यागार ऋतूतले. त्यामुळे पाने रंगवायची, पसरायची, दृश्य संपले की वेचून घ्यायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची, असा क्रम चाले. नवी पाने आणण्याइतकाही पैसा नव्हता. हा चित्रपट म्हणजे ‘हॅलोविन’.

२/
दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. सहलेखिका व निर्माती डेब्रा हिल. खर्च सुमारे ३,००,००० ते ३,२५,००० डॉलर, चित्रीकरण जेमतेम २० दिवसांचे. एकट्या अमेरिकेत त्याने ४ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास कमाई केली. २००६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या अमेरिकन चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याला स्थान दिले. ज्या प्रकाराला समीक्षक नाके मुरडीत, त्या प्रकाराच्या वाट्याला आलेला हा मान लहान नव्हे.

३/
हा प्रकार म्हणजे स्लॅशर : एक मारेकरी, बहुधा मुखवट्याआड, हातात सुरी किंवा तत्सम हत्यार, आणि एकेक करून टिपली जाणारी तरुण मंडळी. तो परिणामकारक का ठरतो, याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, रक्तपातामुळे. दुसरे, पैसा नसल्यामुळे कल्पकता वाढते म्हणून. पहिले उत्तर चूक आहे आणि दुसरे अर्धवट. चांगला स्लॅशर काय दाखवायचे नाही हे जाणीवपूर्वक ठरवतो, आणि हातचा तुटपुंजा पैसा त्या न दाखवण्याच्या सेवेला लावतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

४/
या परंपरेचा मूळपुरुष १९६० चा ‘सायको’. आल्फ्रेड हिचकॉकसारख्या नामवंताने तो मुद्दाम कमी खर्चात, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून, कृष्णधवल चित्रित केला. न्हाणीघरातील प्रसिद्ध खून पाहून आलेल्यांना सुरीचे वार आठवतात. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतात ते झपाट्याने बदलणारे तुकडे : हात, पाणी, उघडे तोंड, पडदा. रक्त म्हणून वापरले होते चॉकलेटचे सिरप. जखम प्रेक्षकाच्या मनात होते, आणि तिला बर्नार्ड हरमनच्या तंतुवाद्यांची कर्कश किंचाळी धार लावते.

५/
१९७४ चा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ हे याहून ठळक उदाहरण. टोब हूपरने तो १६ मिलिमीटर फिल्मवर, टेक्सासच्या भर उन्हाळ्यात चित्रित केला. नाव ऐकून रक्ताचे पाट अपेक्षित असतात, पण पडद्यावर रक्त आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. आकड्याला टांगलेल्या तरुणीचे दृश्य घ्या. आकडा शरीरात शिरताना दिसत नाही. दिसतो तो तिचा चेहरा आणि खाली ठेवलेली बादली. तरीही ‘सारे दाखवले’ असे प्रेक्षक शपथेवर सांगतात.

६/
याची एक साक्ष ब्रिटनमध्ये सापडते. तेथील सेन्सॉर मंडळाने १९७५ मध्ये या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारले आणि १९९९ मध्ये कोणतीही काटछाट न करता ते दिले. एखादे दृश्य आक्षेपार्ह असेल तर ते कापता येते. येथे भय एखाद्या दृश्यात साठलेले नव्हते. ते आवाजात, उष्म्यात, हाडांनी सजलेल्या त्या घराच्या कोंदट हवेत मुरलेले होते. हवेवर कात्री चालवणार कशी?

७/
त्याच वर्षी कॅनडात बॉब क्लार्कचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ आला. विद्यार्थिनींचे निवासस्थान, नाताळाचे दिवस आणि वारंवार येणारे विकृत दूरध्वनी. मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा येथे प्रभावीपणे वापरला गेला. हा मारेकरी कोण, कसा दिसतो, का मारतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे धड उत्तर चित्रपट देत नाही. दिवे मालवल्यावर प्रेक्षक घरी नेतो तो हाच अनुत्तरित प्रश्न.

८/
‘हॅलोविन’ने हे सारे धागे एकत्र विणले. चित्रपटाचा आरंभ १९६३ मधला. कॅमेरा एका घराभोवती फिरतो, खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरातून सुरी उचलतो, जिना चढतो. मग मुखवटा चढतो आणि पडद्यावर उरतात फक्त डोळ्यांची दोन भोके. खून होतो. बाहेर आल्यावर कोणीतरी मुखवटा ओढून काढते आणि प्रथमच समजते, की इतका वेळ प्रेक्षक ज्याच्या डोळ्यांनी पाहत होता तो ६ वर्षांचा मुलगा आहे.

९/
हे दृश्य अखंड भासते. त्यातले जोड चतुराईने लपवलेले आहेत. त्यासाठी पॅनाग्लाइड वापरले गेले. हे चालकाच्या अंगावर बांधायचे असे साधन, की चालताना बसणारे हिसके चित्रात उतरत नाहीत. सुरी उचलणारे इवलेसे हात डेब्रा हिलचे. ते घर खरोखरच पडीक होते. पडीक अवस्थेतली दृश्ये आधी उरकली आणि शेवटी कलाकार-तंत्रज्ञांनी मिळून ते झाडले, रंगवले, सजवले. अशा रीतीने १९६३ साल अखेरच्या दिवशी उभे राहिले.

१०/
छायाचित्रकार डीन कंडी याने चित्रपटासाठी रुंद पडदा वापरला. स्वस्त चित्रपटात ही चैन समजली जाई, पण भयाचा खरा कारखाना हाच. रुंद चौकटीत नायिका एका बाजूला असते आणि उरलेली जागा रिकामी. कुंपणाच्या झुडपाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, दिवसाउजेडी एक आकृती उभी असते. पुढच्या क्षणी नसते. दोन-तीनदा असे झाले, की प्रेक्षक प्रत्येक रिकामा कोपरा स्वतःच तपासू लागतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो येथे दिग्दर्शकाने चौकटीच्या कडेला आणून बसवला.

११/
मुखवट्याची कथा सर्वश्रुत आहे. ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा मुखवटा २ डॉलरच्याही आत विकत घेतला गेला. टॉमी ली वॉलेसने त्याची डोळ्यांची भोके मोठी केली, केस बदलले आणि चेहरा पांढरा रंगवला. श्रेयनामावलीत या पात्राला नाव आहे ‘द शेप’, म्हणजे नुसता आकार. राक्षसाच्या भयानक चेहऱ्याला डोळे थोड्या वेळात सरावतात. कोऱ्या चेहऱ्यावर मात्र प्रत्येक जण आपापले भय रेखाटतो आणि ते कधी शिळे होत नाही.

१२/
संयमाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आरंभीच्या खुनानंतर पडद्यावर दुसऱ्या माणसाचा खून होईपर्यंत ९१ मिनिटांच्या या चित्रपटाचा अर्ध्याहून अधिक वेळ सरलेला असतो. मधल्या काळात मुली शाळेतून घरी येतात, गप्पा मारतात, मुले सांभाळायला जातात. मुलींचे हे संवाद मुख्यतः डेब्रा हिलचे. त्या खऱ्या वाटतात म्हणून त्यांच्या जिवाची काळजी वाटते. हे श्रेय बरेचदा कार्पेंटरच्या नावावर जमा होते; इतिहास वाचणाऱ्याने ते योग्य खात्यावर मांडले पाहिजे.

१३/
संगीताविना हा चित्रपट एका मोठ्या स्टुडिओच्या अधिकारी महिलेला दाखवला गेला, तेव्हा ती मुळीच घाबरली नाही. मग संगीतकाराला द्यायला पैसे नसल्याने कार्पेंटरने स्वतः काही दिवसांत ते रचले. पियानोवरची मुख्य धून ५ मात्रांची आहे. चारच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात पायरी चुकल्यासारखी वाटते, आणि धून तर थांबत नाही. मारेकऱ्याच्या चालीचा हाच स्वभाव : घाई नाही, विश्रांतीही नाही.

१४/
आता पैशाकडे वळावे. डोनाल्ड प्लेझन्स या अनुभवी नटाला ५ दिवसांच्या कामाचे २०,००० डॉलर दिले गेले. नायिका जेमी ली कर्टिसला मिळाले ८,०००. ती ‘सायको’तील जॅनेट लीची कन्या. तिचे चित्रपटातले कपडे साध्या दुकानातून सुमारे १०० डॉलरमध्ये आले. रुंद पडदा, पॅनाग्लाइड आणि एक भारदस्त नट यांवर हात सैल सोडला; पाने, मुखवटा, कपडे यांवर आवळला. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते कोणत्या दिशेला, हे ठरवण्यातच या चित्रपटाचे शहाणपण आहे.

१५/
या भयाला एक सामाजिक पत्ताही आहे. जुन्या भयपटांतली संकटे दूरच्या किल्ल्यात किंवा स्मशानात राहत. ‘हॅलोविन’ने ती हिरवळ आणि नीटस कुंपणे असलेल्या मध्यमवर्गीय वस्तीत आणली. जीव मुठीत घेऊन लॉरी शेजाऱ्याचे दार ठोठावते. आत कोणीतरी डोकावते, बाहेरचा दिवा मालवते आणि दार उघडत नाही. त्या क्षणी सुरी कोठेच दिसत नाही, तरी चित्रपटातील सर्वांत भयंकर क्षण कदाचित तोच. मालवलेल्या त्या एका दिव्याला खर्च तो कितीसा आला असेल?

१६/
स्वैर वागणाऱ्या मुली मरतात आणि सोज्वळ मुलगी वाचते, अशी टीका या चित्रपटावर झाली. ती निराधार नाही. पुढच्या अनुकरणांनी तर तिचा नियमच केला. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ मध्ये अखेरपर्यंत टिकणाऱ्या या पात्राला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिले आणि चर्चेला नवे वळण लावले. ‘हॅलोविन’पुरते पाहता लॉरीचे वेगळेपण तिच्या नजरेत आहे. खिडकीबाहेर, झुडपाआड, रस्त्यापलीकडे पाहणारी तीच. प्रेक्षकासारखीच ती कोपरे तपासते, म्हणून तो तिच्या बाजूला जातो.

१७/
शेवट तर झाकल्या मुठीचा कळसच. मारेकऱ्याला ६ गोळ्या लागतात, तो सज्ज्यावरून खाली कोसळतो आणि क्षणभराने पाहावे तो हिरवळ रिकामी. त्यानंतर पडद्यावर येतात नुसत्या रिकाम्या जागा : दिवाणखाना, जिना, रस्ता, घरे. पार्श्वभूमीला फक्त श्वासोच्छ्वास. कोणीही दिसत नाही, म्हणून तो कोठेही असू शकतो.

१८/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. यावरून ‘गरिबी हीच कलेची जननी’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ‘टेक्सास चेन सॉ’च्या भोजनाच्या दृश्याचे चित्रीकरण कोंडलेल्या घरात, सडत्या मांसाच्या दुर्गंधीत २४ तासांहून अधिक चालले. बनावट रक्ताची नळी चालेना, तेव्हा नायिका मेरिलिन बर्न्सचे बोट खरोखरच कापले गेले. चित्रपटाने लाखो डॉलर मिळवले. कलाकार-तंत्रज्ञांच्या हाती त्यातले फारच थोडे आले. टंचाईचे पोवाडे गाताना तिची किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये.

१९/
शिवाय स्वस्त असूनही निर्जीव ठरलेले स्लॅशर शेकड्यांनी निघाले. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये टॉम साविनीची जखमांची हातचलाखी दाद देण्याजोगी होती, पण तिने पुढच्यांना भलतीच दिशा दाखवली. १९८१ चा ‘हॅलोविन २’ सुमारे २५ लाख डॉलरचा. त्यात रक्त वाढले, आणि लॉरी ही मारेकऱ्याची बहीण असल्याचा खुलासाही आला. अकारण संकटाला कारण मिळाले. कारण मिळताच ते एका कुटुंबाचे खासगी प्रकरण झाले आणि प्रेक्षकाची गल्ली पुन्हा सुरक्षित झाली.

२०/
आज मोबाइलवर लघुपट बनवणाऱ्या तरुणांना ‘हॅलोविन’च्या स्वस्ताईचा दाखला वरचेवर दिला जातो. खरा धडा स्वस्ताईचा नाही. रंगवलेली पाने कोणालाही पसरता येतील. चौकटीतला कोपरा रिकामा ठेवण्याचे धैर्य मात्र विकत मिळत नाही. उपासमारीतून शिस्त येतेच असे नाही आणि सुबत्तेने ती जातेच असेही नाही. मूठ केव्हा झाकायची आणि कोणते बोट किंचित उघडायचे, हे ज्याला कळले, त्याच्या हातात ३ लाख डॉलर असोत वा ३ हजार रुपये, अंधारात बसलेला माणूस घरी जाताना मागे वळून पाहणारच.