झुंजींच्या संशयावरून जप्त केलेल्या कुत्र्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय: झुंजींच्या गुन्ह्यांत जप्त होणाऱ्या कुत्र्यांचा ताबा, तपासणी व पुनर्वसन यांबाबत राज्यभर लागू होईल असे परिपत्रक काढणेबाबत.

महोदय,

पैजेसाठी कुत्र्यांच्या झुंजी लावणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहे. झुंजीसाठी जागा चालवणाऱ्याचा किंवा प्रवेशाचे पैसे घेणाऱ्याचा गुन्हा तर दखलपात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये. हा दंड वाढवण्याची दुरुस्ती संसदेने करायची आहे, म्हणून तो विषय येथे वाढवत नाही. आमचे म्हणणे छाप्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या विभागाच्या अखत्यारीत येते.

छापा पडला, पंचनामा झाला की आरोपी जामिनावर सुटतो आणि कुत्रा मुद्देमाल म्हणून मागे राहतो. जप्त मोटारसायकल ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे गंजत पडली तरी खटल्याचे फार बिघडत नाही. कुत्र्याला रोज खायला लागते, त्याच्या जखमा चिघळतात आणि एकाच पिंजऱ्यात वर्ष काढले तर बरा कुत्राही बिथरतो. जवळ निवारा नसेल तर मूळ मालकाला सुपुर्दनाम्यावर कुत्रा परत देणे हीच पोलिसांना सोपी वाट वाटते. मग छापा कशासाठी घातला होता?

यावर नियम आहेत. केंद्र सरकारने 2017 मध्ये केलेल्या खटल्यातील प्राण्यांच्या देखभालीच्या नियमांनुसार जप्त प्राण्याची पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व ओळखखूण झाली पाहिजे. पिंजरापोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे त्याचा ताबा देता येतो. देखभालीच्या खर्चासाठी दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेल्या रकमेचे बंधपत्र आरोपीने व मालकाने तीन दिवसांत द्यायचे असते. न दिल्यास प्राण्यावरचा हक्क जातो. दोष सिद्ध झाल्यावरही मालकी जाते. म्हणजे खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर कायद्यात आहे. पण राज्य प्राणी कल्याण मंडळाने दरवर्षी दैनंदिन खर्चाचा दर जाहीर केला नाही, तर बंधपत्राच्या रकमेला आधार उरत नाही. हा दर कुत्र्यांसाठी स्वतंत्रपणे, आर्थिक वर्षाच्या आरंभीच जाहीर व्हावा, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची. प्रत्येक कुत्र्याची वैयक्तिक वर्तन तपासणी झाल्याखेरीज त्याच्या भवितव्याचा निर्णय होऊ नये. ‘झुंजीचा कुत्रा’ किंवा ‘पिटबुल’ एवढ्या शिक्क्यावर कोणालाही दयामरण देऊ नये. अमेरिकेतील दोन प्रकरणे येथे पाहण्यासारखी आहेत. 2007 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू मायकल विक याच्या व्हर्जिनियातील जागेतून सुमारे 50 पिटबुल जप्त झाले. ते मारून टाकावेत, असे मत तेव्हा मोठ्या प्राणिहक्क संघटनांनीही दिले होते. पण प्रत्येकाची तपासणी झाली, न्यायालयाने त्यांच्या हितासाठी रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेची नेमणूक केली आणि देखभालीसाठी विककडून सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर भरून घेतले. बहुतेक कुत्रे वाचले. त्यांतले 22 यूटामधील एका आश्रयस्थानी गेले, कित्येकांना पुढे घरे मिळाली. याउलट फेब्रुवारी 2009 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स काउंटीत 127 कुत्रे न्यायालयाच्या आदेशाने सरसकट मारले गेले. त्यात पिल्लेही होती. पिल्ले कधी झुंजीत उतरली होती?

दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडणारा कुत्रा माणसालाही चावेलच, हा समज चुकीचा आहे. झुंज चालू असताना त्याला हाताने ओढून वेगळे करावे लागते, त्यामुळे माणसाला चावणारा कुत्रा या धंद्यातही नकोसाच असतो. काही कुत्रे घरात देण्याजोगे निघणार नाहीत, हे आम्ही नाकारत नाही. असाध्य दुखणे किंवा माणसांना खरा धोका असेल, तर पशुवैद्यकाच्या लेखी अहवालावर दयामरणाचा निर्णय व्हावा, आणि अहवालावर दोन सह्या असाव्यात.

जातीच्या शिक्क्याबद्दलही एक गोष्ट नमूद करतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदीचे पत्र काढले, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. जातीवरून निर्णय घेण्याची ही सवय जप्तीच्या प्रकरणांत तरी शिरू नये.

जप्तीच्या वेळीच पशुवैद्यकीय अधिकारी हजर असावा. तोंडावरच्या व पुढच्या पायांवरच्या जुन्या-नव्या जखमा, कापलेले कान, तुटलेले दात यांची छायाचित्रांसह नोंद हाच खटल्यातला मोठा पुरावा असतो, आणि जखमा भरून आल्या की तो पुसला जातो. कुत्र्याला मायक्रोचिप बसवावी, म्हणजे मध्येच अदलाबदल होणार नाही. कुत्रे स्वतंत्र पिंजऱ्यांत ठेवावेत आणि त्यांचा ठावठिकाणा गुप्त राहावा. झुंजीच्या कुत्र्याला बाजारात किंमत असते, तेव्हा तो पळवून नेला जाण्याची भीती खरी आहे. (छाप्यानंतर कुत्र्यांसोबत फोटो काढून त्यात निवाऱ्याची पाटी दाखवणे तेवढे थांबावे.) दत्तक देण्यापूर्वी निर्बीजीकरण सक्तीचे असावे.

पोलीस महासंचालकांना विनंती की, आरोपीने सुपुर्दनाम्यावर कुत्रा मागितल्यास तपास अधिकाऱ्याने 2017 चे नियम दंडाधिकाऱ्यांपुढे लेखी मांडून त्यास विरोध करावा, अशा सूचना सर्व घटकांना द्याव्यात.

वरील बाबींवर आपण परिपत्रक काढावे, आणि प्रत्येक जिल्ह्यात असे कुत्रे ठेवता येतील अशा किमान एका निवाऱ्याचे नाव पोलीस ठाण्यांना कळवावे, ही विनंती. आमच्यातील पशुवैद्यक वर्तन तपासणीसाठी विनामोबदला वेळ देण्यास तयार आहेत. चर्चेसाठी आपण वेळ द्यावी.

आपले विश्वासू,
पुणे जिल्ह्यातील पशुवैद्यक व प्राणिसेवक