सांगलीची कृष्णा, चेन्नईचा नळ

गेल्या महिन्यात आजी पहिल्यांदाच चेन्नईला आली. सकाळी कळशी भरताना मी सहज म्हटलं, "आजी, यात तुझी कृष्णामाईपण असेल हं."

"काहीतरीच तुझं! सांगली कुठे, मद्रास कुठे!"

पण मैत्रिणींनो, ही थट्टा नव्हती.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ६५ किलोमीटर, पण बाईसाहेब पाठ फिरवून पूर्वेला निघतात. वाई, मग कराडला समोरून येणारी कोयना, सांगली, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. सुमारे १४०० किलोमीटर चालून हंसलदीवीजवळ ती बंगालच्या उपसागराला मिळते.

चेन्नई तिच्या वाटेवर नाहीच. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातलं ५-५ टीएमसी पाणी या शहराला द्यायचं कबूल केलं. वाटेतली वाफ वजा जाता १२ टीएमसी मिळायचं. श्रीशैलमच्या धरणातून निघालेलं हे पाणी सोमशिला, कंडलेरू करत येतं आणि तिथून सुमारे १७७ किलोमीटरच्या कालव्याने आमच्या पूंडी तलावात पोचतं. पहिल्यांदा आलं १९९६ मध्ये. ठरलेलं सगळं मात्र क्वचितच येतं. म्हणून तर नळाला कावेरीचं आणि समुद्राचं गोडं केलेलं पाणीही असतं.

२०१९ मी विसरूच शकत नाही. जूनमध्ये इथले तलाव कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मी कॉलेजला जायच्या आधी टँकरच्या रांगेत घागरी लावायचे. आणि ऑगस्टमध्ये सांगलीत आजीच्या घरात छातीएवढं पाणी! तिला होडीतून बाहेर काढलं. फोनवर आई इकडे रडत होती, आजी तिकडे.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आमच्या पुराचं पाणी गेलं कुठे?"

मी सांगितलं. अलमट्टी, नारायणपूर ओलांडून ते श्रीशैलमला गेलं, धरण भरलं. सप्टेंबरअखेर कंडलेरूतून चेन्नईसाठी पाणी सुटलं.

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातनं तुमच्याकडे आलं म्हण की!"

माझ्या लोणच्याच्या बरण्या पण आल्या का बघ, असंही वर ऐकवलं. त्या पुरात तिच्या सोळा बरण्या वाहून गेल्या होत्या.